घरी बनवलेली शिडं आणि वाऱ्यावर न चढणारी मॉडेल बोट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ६५ सेंटिमीटरची, आरजी-६५ वर्गाची रेडिओ बोट घरी बांधली. छत्रीच्या नायलॉन कापडाची दोन शिडं कडा दुमडून मशीनवर शिवली. वारा पाठीमागून असला की बोट छान पळते, पण वारा जिथून येतो तिकडे तिरकी वर न्यायला (वाऱ्यावर चढवायला) गेलं की आडवी सरकते आणि जोराची झुळूक आली की तोंड वाऱ्यात घालून उभी राहते. तलावाच्या तीन बाजूंना इमारती आहेत. नुसतं कापड बदललं तर पुरेल, की परदेशातून तयार शिडं मागवावीत?

वारा पाठीमागून असताना शिडाला फक्त वारा अडवायचा असतो. ते काम बेडशीटही करेल. वाऱ्यावर चढताना मात्र शीड पंखासारखं काम करतं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत जाऊन मागच्या कडेवरून सुखाने निसटला पाहिजे. ही मागची कड म्हणजे लीच. दुमडून शिवलेल्या लीचचं काय होतं, ते शीड उजेडासमोर धरून बघा. मशीनचा दोरा कापडाला किंचित चुण्या घालतो, त्यामुळे कडेची लांबी आतल्या कापडापेक्षा कमी होते आणि कड वाऱ्याच्या बाजूला आकडीसारखी आत वळते. अशी वळलेली कड दोन कामं करते. वारा अडवून ब्रेक लावते आणि बोटीचा मागचा भाग ढकलून नाक वाऱ्यात फिरवते. आडवं सरकणं आणि तोंड वाऱ्यात घालणं ही तुम्ही सांगितलेली दोन लक्षणं माझ्या मते एकाच दोषाची आहेत. म्हणून कापडाच्या आधी लीचचा विचार करा.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या, कारण तिथे चूक असेल तर शिडांवरची मेहनत फुकट जाईल. बोट उलटी धरून फिन (तळाखालचं उभं पातं) हाताने डावीउजवीकडे हलवा. ती खाचेत खुळखुळत असेल किंवा खालच्या शिशाच्या बल्बमुळे पीळ खात असेल, तर कितीही चांगलं शीड लावलं तरी बोट आडवीच जाणार. फिन घट्ट आणि सरळ आहे असं धरून पुढचं लिहितो. खालचे आकडेही सुरुवातीचेच समजा. मास्ट (शिडाचा उभा खांब) किती लवचीक आहे, बोटीचं वजन किती आणि तलावावर वारा कसा वाहतो, यावर ते थोडेफार बदलतील.

आता कापड. नायलॉन ओलं झालं की आणखी ताणतं, आणि तिरक्या दिशेने तर कोरडं असतानाही ताणतं. म्हणजे शीड कापताना दिलेला आकार झुळकेत टिकत नाही. पोट, म्हणजे शिडाचा फुगवटा, खोल होतं आणि मागे सरकतं, तेही नेमकं जेव्हा ते सपाट हवं असतं तेव्हा. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगला लागणारी मॅट पॉलिस्टर फिल्म यापेक्षा कितीतरी बरी. ५० मायक्रॉनची फिल्म एका चौरस मीटरला साधारण ७० ग्रॅम भरते. आरजी-६५ च्या मोठ्या रिगला (मास्ट, बूम आणि शिडांचा संच) दोन्ही शिडं मिळून ०.२२५ चौरस मीटरची मर्यादा आहे, म्हणजे शिडांची फिल्म १६ ग्रॅमच्या आत बसते. ७५ मायक्रॉनची घेतली तर ती २३-२४ ग्रॅमवर जाते. फरक आठ ग्रॅमचा दिसतो, पण ते वजन मास्टच्या उंचीवर असतं आणि मंद वाऱ्यात जाड फिल्म एका बाजूची दुसऱ्या बाजूला पलटायला कुरकुर करते. ७५ ची फिल्म जोराच्या वाऱ्याच्या लहान रिगसाठी ठेवा. ३६ मायक्रॉन मंद वाऱ्याला सुरेख चालते, पण ती लवकर चुरगळते आणि पहिल्याच शिडाला हाताळायला अवघड जाते. तुम्ही ५० घ्या. फिल्म गुंडाळून न देता सपाट द्यायला सांगा. गुंडाळीचा बाक शिडात उतरला की तो जाता जात नाही.

शिवायचं अजिबात नाही. सगळे जोड ६ मिमी रुंदीच्या पातळ डबल साइड टेपचे. फोमवाली जाड टेप नको.

मापं अशी धरा. मुख्य शीड, म्हणजे मेन: पुढची कड (लफ) १००० मिमी, खालची कड (फूट) २५० मिमी, आणि लीच सरळ रेषेपेक्षा मधोमध २५ मिमी बाहेर फुगलेली. पुढचं शीड, म्हणजे जिब: लफ ८०० मिमी, फूट १९५ मिमी, लीच सरळ. दोन्हींचा पुढचा खालचा कोपरा काटकोनी धरला आणि फूटला १० मिमीचा गोलवा दिला, तर एकूण क्षेत्रफळ ०.२२३ चौरस मीटरच्या आसपास येतं. या वर्गात डेकपासून रिगची उंची १,१०० मिमीपर्यंतच चालते, तेव्हा बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी दांडी) डेकपासून फार वर नेऊ नका.

एकाच तुकड्याचं सपाट शीड चालतं का? चालतं. त्रिकोणी सपाट फिल्म वरच्या टोकापासून शंकूसारखी वाकते आणि तिला पोट येतं. पहिलं शीड असंच करायलाही हरकत नाही. पण वारा पडला की त्याचं पोट नाहीसं होतं आणि पुढची झुळूक शीड भरण्यातच खर्च होते. शहरातल्या तलावावर वारा सारखा येतो-जातो, तिथे आकार धरून राहणारं, तुकडे जोडून केलेलं शीड जास्त कामाचं. ब्लाउजला टक्स घालून सपाट कापडाला जसा फुगवटा आणतात, तसंच तत्त्व इथे आहे.

मेनचे चार आडवे तुकडे करा, म्हणजे तीन जोड. जोड लीचशी साधारण काटकोनात ठेवा. प्रत्येक जोडात खालच्या तुकड्याची वरची कड अगदी सरळ कापायची आणि वरच्या तुकड्याच्या खालच्या कडेला बारीकसा बाहेरचा गोलवा द्यायचा. सर्वांत खालच्या जोडात दीड मिमी, मधल्यात सव्वा, वरच्यात पाऊण ते एक. या गोलव्याचा सर्वांत उंच बिंदू लफपासून ३५ ते ४० टक्क्यांवर हवा, आणि दोन्ही टोकांना तो शून्यावर यावा. दीड मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तीन जोडांचा मिळून परिणाम भरपूर दिसतो. तीन मिमी दिलेत तर शिडाची पिशवी होईल. लीचकडच्या शेवटच्या तिसऱ्या भागात गोलवा जवळपास सरळ उतरला पाहिजे. तिथे तो फुगीर राहिला तर शिलाईने झालेली आकडी टेपनेही होईल.

हा गोलवा नुसत्या डोळ्याने कापू नका. ३ मिमी प्लायच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर एकदा नीट घासून साचा करा आणि नव्या ब्लेडने एका दमात कापा. फिल्म कटरखाली सरकू नये म्हणून खाली चार ठिकाणी मास्किंग टेप लावा.

वक्र कड सरळ कडेवर सपाट टेबलावर चिकटवायला गेलात की सुरकुती पडणारच. त्यासाठी ३ मिमी प्लायची साधारण ३५० मिमी लांबीची फळी घ्या, मधे खाली १५ ते २० मिमी जाडीची पट्टी सरकवा आणि दोन्ही टोकं दाबून खिळा. फळी कमानीसारखी वाकते. खालचा तुकडा त्यावर असा ठेवा की जोड कमानीच्या लांबीत येईल. त्याच्या वरच्या कडेला टेप लावा, पण टेपचा कागद एकदम काढू नका. वरचा तुकडा पुढच्या टोकाला जुळवा, कागद तीन-चार सेंटिमीटर मागे ओढा, तेवढाच भाग कडेला कड लावून दाबा, मग पुढचा. घाईने एकदा वाकडा चिकटला तर फिल्म ओढून काढताना ताणली जाते आणि तो तुकडा टाकावाच लागतो. जिबचे तीन तुकडे पुरेत, दोन जोड, गोलवा साधारण एक मिमी.

मेनच्या लफला मास्टच्या वाकानुसार वळण द्यायचं असतं, आणि इथे अंदाज चालत नाही. मास्ट बोटीवर उभा करा, मागचा ताण (बॅकस्टे, म्हणजे मास्टच्या टोकापासून बोटीच्या मागच्या टोकाकडे जाणारी दोरी) नेहमीइतका द्या, मास्टच्या टोकापासून बूमच्या सांध्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधे मास्ट दोऱ्यापासून किती पुढे गेला ते मोजा. ६ मिमीच्या कार्बन नळीला हे तीन-चार मिमी येऊ शकतं. लफला मधोमध तेवढाच गोलवा द्या, फार तर एक मिमी जादा. जिबचं उलट असतं. तिची लफ ज्या दोरीवर असते ती झुळकेत थोडी झोळ खातेच, म्हणून जिबची लफ मधे एक ते दीड मिमी आत कापा. नाहीतर त्या झोळाचं जादा पोट जिबच्या पुढच्या भागात साठतं आणि बोट उंच चढत नाही.

जिबच्या लफची दोरी ताणणारी नको. तंगूस तर मुळीच नको, ती रबरासारखी ताणते. ५० ते ८० पौंडांची विणीची पीई फिशिंग लाइन बाजारात मिळते, ती चांगली. मेन मास्टला बांधताना दर ८०-१०० मिमीवर लहान फासे घाला, मास्ट आणि शीड यांत एक-दोन मिमी मोकळीक ठेवून. फासे आवळले तर शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळताना मास्टपाशी अडतं आणि तिथे उभी घडी पडते.

कोपऱ्यांना फिल्मचेच तीन थर, ४०, ३० आणि २० मिमीचे, एकावर एक. एकाच मापाचे तीन ठेवलेत तर जिथे थर संपतो तिथून शीड दुमडतं. भोकं तापवलेल्या टाचणीने पाडा, वितळलेली कड आपोआप मजबूत होते. मेनच्या बाहेर फुगलेल्या लीचला तीन पट्ट्या हव्यात, नाहीतर ती फडफडते. झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगला वरून लावतात ती पारदर्शक शीट कापून ४ मिमी रुंद, ६० ते ८० मिमी लांब पट्ट्या करा आणि प्रत्येक जोडाच्या मागच्या टोकावर चिकटवा.

शिडं तयार झाली म्हणजे निम्मं काम झालं. चांगलं शीड वाईट जुळवलं तर तुमच्या सध्याच्या नायलॉनपेक्षा फार चांगलं चालणार नाही.

जुळवणी घरातच सुरू करा. पंख्याचा वारा घेऊ नका, तो घुसळत येतो आणि फसवतो. बोट स्टँडवर आडवी ठेवा, मास्ट जमिनीला समांतर, म्हणजे शिडं स्वतःच्या वजनाने भरतात. आधी लफचा ताण: आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकाच. मंद वाऱ्यासाठी एखाददुसरी सुरकुती राहिली तरी चालेल. जास्त ताणलंत तर पोट पुढे सरकतं आणि मास्टलगत उभी नळी तयार होते. मग फूटचं पोट: मेनचा फूट आणि बूम यांत मधोमध १२ मिमी, जिबला १० मिमी.

बूम वाऱ्यावर चढतानाच्या जागी आणा. मेनचा बूम जवळजवळ मधल्या रेषेवर हवा, टोक फार तर ८-१० मिमी बाहेर. जिबचा बूम मधल्या रेषेपासून १० ते १२ अंशांवर. तुमच्या मापात जिबचं मागचं टोक साधारण २५ ते ३२ मिमी बाहेर येईल. नवखे लोक जिब मेनइतकीच आत ओढतात. मग दोन शिडांमधली फट बंद होते, जिबवरून निघालेला वारा मेनच्या पाठीवर आपटतो आणि मेनची पुढची कड उलटी फुगते. तुमच्या बोटीत हेही होत असण्याची शक्यता आहे.

दोन्ही शिडं एकाच सर्व्होवर (शिडांच्या दोऱ्या ओढणारी मोटर) असतील तर आणखी एक माप बघा. मेनची दोरी बूमच्या सांध्यापासून जितक्या अंतरावर बांधली आहे, तितक्याच अंतरावर जिबची दोरी जिबच्या पिव्हटपासून (जिबचा बूम ज्या बिंदूवर फिरतो तिथपासून) बांधलेली हवी. तरच दोन्ही सारख्या अंशांनी उघडतात. दहा मिमीचा फरकही पुढे शिडं अर्धी उघडल्यावर स्पष्ट दिसतो.

आता पीळ, आणि सर्वांत जास्त वेळ यालाच द्या. पाण्याच्या घर्षणामुळे पृष्ठभागालगतचा वारा मंद असतो आणि वर तो वाढत जातो. एक मीटर उंचीच्या रिगमध्ये वरच्या आणि खालच्या वाऱ्यात फरक पडतो. चालत्या बोटीला वरचा वारा थोडा अधिक बाजूने आल्यासारखा लागतो, म्हणून शिडाचा वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा जास्त उघडा हवा. इमारतींच्या मागून घसरून येणाऱ्या वाऱ्यात हा फरक क्षणाक्षणाला बदलतो, तेव्हा तुमच्या तलावावर पीळ पुस्तकी मापापेक्षा थोडा जास्तच ठेवा. मेनचा पीळ बूमला खाली धरणाऱ्या किकिंग स्ट्रॅपने ठरतो, जिबचा बूमच्या मागच्या टोकाला वरून धरणाऱ्या टॉपिंग लिफ्टने. मेनच्या वरच्या कोपऱ्यापासून बूमच्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. बोट आडवी असताना लीच मधोमध त्यापासून १५ ते २० मिमी खाली झुकली पाहिजे. जिबला टॉपिंग लिफ्टपासून तेवढीच, म्हणजे १५ ते २०. मग बोटीच्या मागे बसून बघा. दोन्ही लीचच्या रेषा वरपर्यंत एकमेकींना समांतर उघडत गेल्या पाहिजेत. वर जाऊन त्या जवळ येत असतील तर जिब वर फार घट्ट आहे. लांब जात असतील तर जिबचा वरचा भाग वारा सांडतो आहे.

जिबच्या बूमचा पिव्हट पुढच्या टोकापासून फूटच्या एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश अंतरावर ठेवा. लफचा ताण पिव्हटच्या पुढे वर ओढतो आणि लीचचा मागे, त्यामुळे बूम तराजूच्या दांडीसारखा तोलला जातो. पिव्हट पुढे नेला की लीच झुळकेत लवकर उघडते, मागे नेला की घट्ट राहते. अचानक झुळुका येणाऱ्या पाण्यावर तो थोडा पुढे ठेवलेला बरा. आणि हा पिव्हट मोकळा फिरतो ना, हे बघा. बोट हातात धरून बाजूला जेमतेम २० अंश कलवा. जिब आपोआप त्या बाजूला पडली पाहिजे. पडली नाही तर मंद वाऱ्यात टॅक घेतल्यावर (नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलल्यावर) ती चुकीच्या बाजूलाच अडकून राहणार. दोष बहुतेकदा पीळ पडलेल्या दोरीचा किंवा आवळलेल्या गाठीचा असतो.

बॅकस्टे शेवटी: जिबची लफ सरळ राहील इतका ताण. पण बॅकस्टे ओढला की जिबची लीचही घट्ट होते आणि मास्ट वाकून मेन सपाट होतं, म्हणून त्यानंतर दोन्ही पीळ पुन्हा मोजा.

पाण्यावर गेल्यावर वाऱ्याप्रमाणे काय बदलायचं? इथे मोठ्या बोटींचा अनुभव असलेल्यांची एक सवय आड येते. ते मंद वाऱ्यात शिडाला भरपूर पोट देतात. मॉडेलच्या जेमतेम २० सेंटिमीटर रुंद शिडावर, सेकंदाला दोन मीटर वाऱ्यात, रेनॉल्ड्स संख्या (वाऱ्याचा वेग आणि शिडाचं माप धरून हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) २५-३० हजारांच्या घरात असते. मोठ्या बोटीवर ती लाखांत जाते. इतक्या लहान मापाला मंद हवा खोल वळणाला चिकटून राहत नाही, मधेच सुटते. म्हणून अगदी मंद वाऱ्यात फूटचं पोट ८ मिमीवर आणा, पण पीळ वाढवा. मध्यम वाऱ्यात १२ ते १५. वारा वाढला की पुन्हा ८, बॅकस्टे आणि लफ ताणून, आणि वरचा भाग मोकळा सोडून. तरीही बोट सतत आडवी झोपत असेल किंवा नाक पाण्यात खुपसत असेल तर जुळवणी सोडा आणि लहान रिग लावा; या वर्गात दुसऱ्या रिगला ०.१५० चौरस मीटरची मर्यादा आहे.

सुरकुत्या बघून दोष ओळखायला शिका. मागच्या खालच्या कोपऱ्यापासून मास्टच्या मध्याकडे तिरक्या सुरकुत्या जात असतील तर मास्ट शिडाच्या वळणापेक्षा जास्त वाकला आहे, बॅकस्टे सैल करा. मेनचा वरचा भाग उघडतच नसेल तर किकिंग स्ट्रॅप सैल करा. बोट उंच चढते पण वेगच धरत नाही, तर जिब अर्धा अंश बाहेर सोडा. लीच सुधारूनही झुळकेत नाक वाऱ्यात जात असेल, तर पूर्ण मास्ट पाच मिमी पुढे सरकवा किंवा टोक थोडं पुढे कलवा. उलट, सुकाणू सोडलं की बोट वाऱ्यापासून दूर पळत असेल तर मागे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जुनी जागा मार्करने खूण करून ठेवा.

क्रम पुन्हा सांगतो: फिन, लफचा ताण, फूटचं पोट, बूमचे कोन, मेनचा पीळ, जिबचा पीळ, बॅकस्टे, आणि दोन्ही पीळ परत एकदा.

तयार शिडं मागवायची का, तर आत्ता नको. ती सुबक असतात, पण कोणत्या मास्टच्या वाकाला कापायची हे तुम्हाला आधी सांगावं लागतं, आणि तो आकडा अजून तुमच्याकडे नाही. दोन पूर्ण संच होतील इतकी फिल्म आणा. पहिला संच एकाच तुकड्याच्या शिडांचा करा, त्यावर सगळी जुळवणी शिका आणि मास्टचा वाक मोजून घ्या. मग दुसरा जोडांचा कापा. तोपर्यंत हातातल्या नायलॉनच्या शिडांची दुमडलेली लीच कात्रीने सरळ कापून टाका, कडेला पातळ टेपची एक पट्टी न ताणता लावा आणि जिब तीस मिमी बाहेर सोडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दोष खरंच लीचचा होता की नाही ते त्यातून लगेच कळेल.